गाळलेलं एक वाक्य

मंगळवारी सकाळी, गावातून नांदेडला नेत असताना, मुखेडच्या अलीकडे रुग्णवाहिकेत तुझा मृत्यू झाला. विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि तसं लिहून दिलं. सोबत तुझ्या पत्नी, सुमनवहिनी होत्या. संध्याकाळी तुला परत आणलं तेव्हा बसस्थानकासमोर तुझा फ्लेक्स लागलेला होता. 'नव्या जिल्ह्याच्या लढ्यातला बळी. समितीचा बुलंद आवाज, माधव सोनकांबळे.' फोटो जुना होता, डोक्यावर केस असतानाचा. आपल्या गावात फ्लेक्स छापून मिळत नाही, उदगीरला जावं लागतं. म्हणजे तू गेल्याचा फोन आला आणि कोणीतरी लगेच उदगीरच्या रस्त्याला लागलं होतं.

समितीचं प्रसिद्धिपत्रकही माझ्याकडे आलं. तू अखेरच्या श्वासापर्यंत समितीत होतास, असं त्यात म्हटलं होतं. मी ते छापलं नाही. माझ्या माहितीप्रमाणे ते खरं नव्हतं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यापासून तू समितीत नव्हतास. हे गावाला माहीत आहे. का नव्हतास, हे फार थोड्यांना माहीत आहे. मला तू सांगितलं होतंस आणि वर म्हणाला होतास, "मी हाय तवर लिवू नको." अट तुझी होती. ती मंगळवारी संपली.

तुला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्याला आहे. आपलं गाव नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाला. उदगीर जवळ, नांदेड लांब. जिल्ह्याच्या कचेरीत एक सही हवी असली तर अख्खा दिवस जातो. उदगीरचा नवा जिल्हा करावा आणि आपलं गाव त्यात घालावं, ही समितीची मागणी. मागणी न्याय्य आहे, असं तू मानत होतास. शेवटपर्यंत मानत होतास. मला त्रास होतो तो इथूनच.

आपली ओळख पिशवीमुळे झाली. मी देगलूरहून बदलून नवीन आलो होतो आणि पहिल्याच आठवड्यात माझी पिशवी बसस्थानकात राहिली. पानवाला म्हणाला, माधवच्या रिक्षाला सांगा. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर अॅम्प्लिफायर आणि बॅटरी, माइकला बांधलेला रुमाल. हरवलेली पोरं, डोळ्यांची शिबिरं, जयंतीची मिरवणूक, उरूस, मयत, सगळं गावाला तुझ्या तोंडून कळायचं. पिशवीत काय आहे विचारलंस. कागद, मी म्हणालो. मग चौकात उभा राहून तू गावाला सांगितलंस, "नवीन पत्रकाराची खाकी पिशवी हरवली हाय. आत कागद हाईत, कुणाच्याच कामाचं कायबी न्हाई. सापडल्यास पानाच्या टपरीवर द्यावी."

पिशवी आली. मी चिडलो होतो. तू म्हणालास, "कामाचं हाय म्हणलो असतो तर आली असती का, बातमीदार?"

तेव्हापासून तू मला नावानं कधी हाक मारली नाहीस.

तुझे नियम होते. दिलेला मजकूर आधी स्वतःशी वाचायचा. मग चौकात इंजिन बंद करून सांगायचा, दोनदा. अजान सुरू झाली की माइक खाली. गिरणीवाल्या हणमंतप्पांच्या गल्लीत शिरताना सुरुवातीला दोनदा "केळ्री, केळ्री" म्हणायचं, कारण तिथल्या म्हाताऱ्या कानडी बोलतात. ऐकून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. मजकुरात स्वतःचा शब्द घालायचा नाही, माझ्या पिशवीचा अपवाद सोडला तर. आणि दिलेला शब्द गाळायचा नाही. हा शेवटचा नियम तू मला मोठ्या अभिमानानं सांगितला होतास.

समिती स्थापन झाली तेव्हा तू पहिल्या बैठकीपासून होतास. जाहिरातीला भाडं घेणारा माणूस, समितीची रिक्षा फुकट फिरवायचास. तुमच्या वस्तीत ते सगळ्यांना पटलेलं नव्हतं. विहारासमोरच्या ओट्यावर तुला एकदा विचारलं गेलं, मी तिथे होतो. "त्या समितीत आपलं कोण हाय रं?"

"मी हाय की," तू म्हणालास.

ते हसले. तू हसला नाहीस. तुला ते उत्तर पुरेसं वाटत होतं. मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात नळ कधी यायचा ते कोणी सांगू शकत नव्हतं. सरकारी टँकर खेड्यांना जायचे. गावात समितीनं वर्गणी काढून स्वतःचे टँकर सुरू केले. काम चांगलं होतं, मी तसं लिहिलंही. जिल्हा मागणारी माणसं गल्लोगल्ली पाणी देऊ लागली. त्यामुळे समितीला कोणी नाही म्हणेना. मग समितीनं तीन दिवसांचा बंद पुकारला. दवाखाने सोडून सगळं बंद. घोषणा तूच केलीस, दोन दिवस सगळीकडे शटरं खाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी हणमंतप्पांनी पिठाची गिरणी उघडली. दोन दिवसांत लोकांची पिठं संपली होती, खेड्यातून बायका ज्वारी घेऊन येऊन बसल्या होत्या. तू रिक्षा थेट गिरणीसमोर लावलीस आणि माइक बंद करून भांडलास.

"अप्पा, सगळ्या गावानं शटर ओढलंय. तुझ्या एकट्याचं पीठ काय सोन्याचं हाय?"

अप्पा पट्ट्यावरचं पीठ झटकत म्हणाले, "तुझ्या जिल्ह्याची भाकर होत न्हाई रं, माधव."

तू त्यांना बराच वेळ बोललास. अप्पांनी गिरणी बंद केली नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं ते अप्पांच्या प्रेमापोटी झालं असं कोणाला वाटू नये.

दुपारी समितीच्या सचिवांनी मजकूर आणून दिला. चहाच्या टपरीवर तू तो वाचलास, मग पुन्हा वाचलास. कागद तुझ्या हातात असताना मीही वाचला. बंद यशस्वी केल्याबद्दल आभार, संध्याकाळी सभा, आणि मध्ये एक वाक्य: 'बंद मोडणाऱ्यांच्या दारात समितीचा टँकर थांबणार नाही व गावातील कोणीही त्यांना आपल्या घरचे पाणी देऊ नये.'

तू रिक्षा काढलीस. मी सायकलवरून मागोमाग आलो, चारही चौकांत उभा राहिलो. आभार आले. सभा आली. ते वाक्य आलं नाही. आवाज नेहमीसारखा होता. वाक्य नव्हतं.

आपल्या गावात जे भोंग्यातून आलं नाही ते ठरलेलंच नसतं. समितीनं कागदावर ठरवलं होतं, पण टँकरवाल्यानं ऐकलं नव्हतं. तो संध्याकाळी नेहमीसारखा गिरणीच्या गल्लीत थांबला. अप्पांच्या सुनेनं घागरी भरल्या. टँकरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "माधवच्या भोंग्यात तसलं काय आलं न्हाई."

सभेनंतर समितीची बैठक मंगल कार्यालयाच्या ओसरीवर बसली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, गाव त्यांना आण्णा म्हणतं. टँकरचा विषय निघाला. सचिव तुझ्याकडे बघून म्हणाले, "ऊन लई होतं. गडबडीत इसरला असंल."

तिथे तुला वाट करून दिली होती, माधव. ओसरीवरच्या प्रत्येकाला ते कळलं. हूं म्हणायचं होतं. हूंसुद्धा नाही, नुसतं गप्प राहायचं होतं. वाक्य गाळून झालं होतं, पाणी मिळून गेलं होतं, बंद संपला होता. सगळं तुझ्या मनासारखं झालं होतं आणि तुझी जागाही शाबूत होती.

तू म्हणालास, "इसरलो न्हाई. ते बोललोच न्हाई."

आण्णांनी चष्मा काढला. "तुला वाचायला दिलं होतं, माधव. इचार करायला न्हाई."

"भोंगा तुमच्यासाठी फुकट हाय आण्णा. नरडं माझं हाय."

"मग नरडं घिऊन घरी जा."

तू चपला शोधल्यास, त्या दुसऱ्या कोणाच्या तरी चपलांखाली गेल्या होत्या, वेळ लागला. मग मलाही उठवण्यात आलं, पुढचा विषय अंतर्गत आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी गावात बोललं जात होतं, रात्रीच ठराव करून माधवला काढलं. मी आण्णांना विचारलं. ते म्हणाले, "अंतर्गत विषय हाय." सचिवांनीही तेच सांगितलं. दुजोरा मिळाला नाही, म्हणून बातमी झाली नाही.

मी तुझ्याकडे आलो. तू रिक्षा पुसत होतास, कमी पाण्यात, ओल्या फडक्यानं. कारण विचारलं तर लगेच सांगितलंस, जणू तेही कोणी जाहीर करायला दिलं होतं.

"माझी आय विहिरीवर लांब उभी ऱ्हायची. कुणीतरी येऊन वरून घागरीत पाणी वतंल तवर. कुणाला दया येईस्तवर. लहानपणी मी तिच्या लुगड्याला धरून उभा ऱ्हायलोय. कुणाचं पाणी तोडा, हे माझ्या तोंडातून निघत न्हाई. मी लई बघितलं. निघतच न्हाई."

मग मी तो प्रश्न विचारला जो कोणीही विचारला असता. वाचायला दिलं होतं, विचार करायला नाही, हे आण्णा दुसऱ्या कोणाला म्हणाले असते का?

"हाव, ते मला बी लागलं," तू म्हणालास. "पण वाक्य मी त्यासाठी गाळलं न्हाई. दोन्ही एकात कालवू नको. तू कालवशील आन् तेवढंच छापशील."

त्यावर तू अट घातलीस. छापलं की समितीच्या विरोधातली माणसं तुझं नाव वापरून समिती फोडतील, असं तुझं म्हणणं. मी म्हणालो, समितीनं तुला फोडलंय. तू फडकं पिळलंस. "घरातलं भांडण हाय. घरात मिटंल."

घर. आठ दिवसांनी त्या घरानं नांदेडच्या स्टुडिओतून एका बाईच्या गोड आवाजात घोषणा रेकॉर्ड करून आणल्या. पेन ड्राइव्ह लावायचा, रिक्षा फिरवायची. आवाज विचार करत नाही. तू टपरीवर ते ऐकलंस आणि इतका हसलास की ठसका लागला. "नांदेडचा आवाज लावून नांदेडातून फुटायलेत बग." वस्तीतली पोरंही त्याच काळात तुझ्याकडे आली. आपण आपली वेगळी समिती काढू, भोंगा आपलाच आहे. तू त्यांना म्हणालास, "जिल्हा काय जातीचा निघतोय काय बे?" तेही तुझ्यावर नाराज झाले. तुला दोन्हीकडची नाराजी गोळा करायची हौस होती, असं मी तेव्हा म्हणालो होतो. आजही म्हणतो.

इथपर्यंतचं मला समजतं. पुढचं समजलं नाही, आणि त्यासाठीच हे लिहितो आहे.

पुढच्या प्रत्येक धरण्याला समिती तहसीलसमोरच्या मांडवात बसायची आणि तू समोर, रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीच्या बाकावर. डोक्यावर समितीची टोपी. तिकडून घोषणा झाली की इकडून तू साथ द्यायचास, विनामाइक. तुझा आवाज मांडवातल्या सगळ्यांपेक्षा मोठा होता, त्यामुळे ते अधिकच विचित्र वाटायचं. मांडवातली पोरंटोरं वळून बघायची. आण्णा बघायचे नाहीत. बंद असला की सगळ्यात आधी तुझी रिक्षा घरासमोर उभी. मी किती वेळा सांगितलं, रस्ता ओलांड आणि मांडवात जाऊन बस, नाहीतर टोपी काढ आणि घरी जा. हे मधलं काय आहे?

"ठरावानं काढलंय, ठरावानंच घेतील," तू म्हणायचास. "तवर हितं."

"आणि नाही घेतलं तर?"

"तरी जिल्हा पायजेच की. उदगीरला दवाखाना पायजे, कचेरी पायजे. ते काय आण्णाच्या घरचं हाय?"

एकदा मी फार चिडून बोललो. म्हणालो, तू स्वतःशी प्रामाणिक राहिलास असं तुला वाटतं, पण प्रामाणिक माणूस स्वतःला नाकारणाऱ्यांच्या दारात टोपी घालून बसत नाही. तू चहाचा कप खाली ठेवलास. "तुला सोपं हाय बातमीदार. तू कुणाचाच न्हाईस."

मी म्हणालो, ते माझं काम आहे.

"हाव. म्हून तर. तुला कोण काढणार?"

ते खरं होतं. आजही आहे. पण माझ्या प्रश्नाला तू बगल दिलीस, हे नोंदवायला हवं. ते एक वाक्य न बोलायला तुला चार चौक पुरले. मला परत घ्या, किंवा तुमचं चुकलं, हे बोलायला सगळी वर्षं पुरली नाहीत. मी बोललो असतो, मी लिहिलं असतं, तू मला दोन्ही करू दिलं नाहीस. तुझ्याबरोबर बाकावर बसून मी कितीदा थंड चहा प्यायलो आणि दर वेळी ठरवलं की आता या विषयावर बोलायचं नाही.

आणि तरीही बाकावर येऊन बसायचो. गावात नवा आलो, ओळखीचं कोणी नव्हतं, तेव्हा माझा पहिला माणूस तूच होतास. माझ्या मुलीचं बारसं तू मी न सांगताच दोन चौकांत जाहीर केलंस आणि जेवायला माणसं मावेनात. माझी आई गेली तेव्हा देगलूरला येऊन, कोणाला न विचारता, तिच्या गल्लीत मयतीची वेळ तू सांगितलीस. माइक नव्हता. दारोदार जाऊन हळू आवाजात सांगितलीस. मी तुझे आभार मानले नाहीत. तेव्हा सुचलं नाही, नंतर ते बोलणं अवघड होत गेलं.

शेवटचं भेटलो ते गेल्या आठवड्यात. नवे जिल्हे होणार अशी पुन्हा आवई होती. तू विचारलंस, "औंदा होतंय का?"

मी म्हणालो, झाला तरी तुला स्टेजवर कोण बोलावणार आहे?

"मला कशाला बोलवाया पायजे? मी हाय की हितं."

माझ्या बसची वेळ झाली होती. मी उठलो.

मंगळवारी पहाटे तुझ्या छातीत कळ आली. गावच्या दवाखान्यातून तुला जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे नांदेडला पाठवण्यात आलं. उदगीर जवळ होतं. फ्लेक्सवरचा 'बळी' हा शब्द तिथून आला. उदगीरला नेलं असतं तर वाचला असतास का, हे मी गावच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, तसं खात्रीनं म्हणता येणार नाही. म्हणून ते इथे लिहीत नाही.

बुधवारी सकाळी समितीची माणसं झेंडा घेऊन वस्तीत आली, आण्णा पुढे. भन्तेजींची वंदना अजून सुरू व्हायची होती. पांढरी चादर तुझ्यावर घातलेली होती, झेंडा तिच्यावर पांघरायचा होता. सुमनवहिनी उठून उभ्या राहिल्या.

"माधव आमचा होता, सुमन," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खरंच भरून आला होता.

"हाव," वहिनी म्हणाल्या. "त्यांना इचारलं असतं तर हो म्हणले असते. म्हून मी न्हाई म्हणायले."

झेंडा घडी करून परत गेला. वस्तीतल्या पोरांनी घोषणा द्यायला सुरुवात केली, वहिनींनी त्यांनाही थांबवलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मागच्या बाजूला हणमंतप्पा उभे होते. मला म्हणाले, "बंदच्या दिशी लई बोलला होता मला. मानूस खरा होता पर. मनात ठिवला न्हाई कधी." त्यांना काहीच माहीत नाही. हे वाचून कळेल. तू त्यांच्यासाठी काही केलं नव्हतंस, असं तू म्हणाला असतास, आणि माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. हाही वाद राहिला.

प्रसिद्धिपत्रक का छापलं नाही, अशी विचारणा काल आण्णांनी फोनवर केली. मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, माधव अखेरपर्यंत समितीत होता असं तुम्ही लिहिलंय. मग त्याला काढल्याचा ठराव मागे कधी घेतला?

आण्णा म्हणाले, "कुठला ठराव?"

मी त्या रात्रीची आठवण दिली. ओसरी, अंतर्गत विषय, मला उठवलं होतं ते.

"त्या रात्री टँकरच्या डिझेलचा विषय होता," आण्णा म्हणाले. "काढायला ठराव कशाला लागतोय? बोलवणं बंद केलं, झालं. आला असता तर नको कोण म्हणलं असतं?"

तिथून मी सचिवांकडे गेलो. तेव्हाही तेच सचिव होते, आजही तेच आहेत. त्यांना तोच प्रश्न विचारला. त्यांनी दुजोरा दिला. माधव सोनकांबळे यांना समितीतून काढल्याचा ठराव त्या रात्री किंवा त्यानंतर कधीही झालेला नाही.